अभ्यास दौरा : कोइमतूर की लखनौ?
(खर्च आणि हवामान यांचा मेळ)



कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या, आणि दरवर्षीप्रमाणे गट कार्यालयात एकच चर्चा सुरू झाली : यंदाची सहल कुठं? आम्ही तिला अभ्यास दौरा म्हणतो, सभासद सहल म्हणतात. नावावरून आमचे भांडण नाही. मात्र दौऱ्याचा पैसा सभासदांच्याच उसातून येतो, म्हणून तो कुठे आणि केव्हा खर्च करावा याचा विचार सर्वांनी मिळून करणे जरूर आहे.

सध्या दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, "लखनौला चला. तिथं उसाची मोठी संस्था आहे, आणि येताना अयोध्या, काशी पदरात पडंल." दुसरा म्हणतो, "कोइमतूरला चला. आपला ऊस जन्मला तिथंच, आणि उटी काही लांब नाही." दोन्हीकडची मंडळी आमच्याकडे येऊन एकच विचारतात, "साहेब, इकडचं भाडं किती आन् तिकडचं किती, तेवढं सांगा. स्वस्त पडंल तिथं जाऊ."

प्रश्न सरळ आहे, पण नुसत्या भाड्याने त्याचे उत्तर निघत नाही. असे उत्तर एकदा आम्ही काढले होते आणि ते महागात पडले. ती हकीगत पुढे येईलच. आधी दोन्ही गावांची ओळख करून घेऊ.

दोन्ही ठिकाणी पाहण्यासारखे काय?

कोइमतूरची ऊस पैदास संस्था 1912 साली सुरू झाली. उसाच्या जातीच्या नावाआधी आपण जे 'को.' लावतो, ते कोइमतूरचेच. बार्बर साहेब आणि त्यांच्यानंतर टी. एस. वेंकटरामन यांनी तिथे मळ्यातला जाड ऊस आणि नदीकाठचा रानटी ऊस यांचा संकर केला. त्यातून को. 205 ही जात निघाली आणि ती पहिल्यांदा लागली कुठे, तर पंजाबात. पुढे को. 419 आणि को. 740 या जातींवर आपल्या वडिलांच्या पिढीने संसार केले. आज आपल्या बहुतेकांच्या रानात उभी असलेली को. 86032, म्हणजे आपली 'नीरा', हीही तिथलीच.

लखनौची भारतीय ऊस संशोधन संस्था 1952 सालची. तिथे जोर आहे तो ऊस पिकवण्याच्या पद्धतीवर : चर काढून लावण, गोल खड्ड्यातली लावण, उष्ण बाष्पयुक्त हवेची बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा आणि ट्रॅक्टरवर चालणारी अवजारे. टिपरी तोडून, खत टाकून, मातीआड करण्याचे काम एकाच फेरीत करणारे लावणयंत्र पाहून आपली पोरं खूश होतात. लखनौपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर कानपूर आहे. तिथली राष्ट्रीय शर्करा संस्था 1936 सालापासूनची, पण ती साखर तयार करण्याच्या शास्त्राची. तेथे कारखान्याच्या कामगारांनी जावे. शेतकऱ्याला एक दिवस पुरे.

थोडक्यात, जात कशी तयार होते ते पाहायचे तर कोइमतूर, आणि अवजार व पद्धत पाहायची तर लखनौ.

भाड्याचा हिशेब

आता पैशाकडे वळू. खालचे दर आम्ही हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्षात थोडे इकडेतिकडे होतील, पण ताळा समजण्यास पुरेसे आहेत.

पुण्याहून रेल्वेने कोइमतूर साधारण तेराशे किलोमीटर आणि लखनौ चौदाशेच्या थोडे वर. दोन्हीकडे गाडीत सव्वा ते दीड दिवस जातो. साध्या शयनयानाचे जाऊन-येऊन तिकीट कोइमतूरला 1300 आणि लखनौला 1400 रुपये धरू. कारखान्यावरून पुणे स्टेशन व परत, 400 रुपये. गाडीतला चहा-नाश्ता-जेवण दोन्ही वेळचे मिळून 1000 रुपये. मुक्कामाच्या गावी रोजचा खर्च 900 रुपये : एका खोलीत तिघे याप्रमाणे राहणे 400, जेवणखाण 350 आणि गावात फिरण्याच्या बसचा वाटा 150.

कोइमतूरला दोन दिवस राहायचे तर माणशी 1300 + 400 + 1000 + 1800 = 4500 रुपये.
लखनौला दोन दिवस राहायचे तर माणशी 1400 + 400 + 1000 + 1800 = 4600 रुपये.

म्हणजे फरक किती, तर शंभर रुपयांचा! कानपूरचा एक दिवस वाढवला तर लखनौचा आकडा 5500 वर जातो, पण तो गावाचा फरक नव्हे, दिवसाचा फरक आहे.

कोणी म्हणेल, रेल्वे कशाला, आपली बसच करू. तिथे मात्र चित्र पालटते. आपल्या भागातून कोइमतूर पुणे-बंगळूर महामार्गाने, पुढे होसूर, सेलमवरून, साधारण हजार किलोमीटर. लखनौ सोळाशे. बस लिटरला चार किलोमीटर जाते आणि डिझेल 90 रुपये लिटर धरले, तर जाऊन-येऊन कोइमतूरला 500 लिटर, म्हणजे 45,000 रुपये. लखनौला 800 लिटर, म्हणजे 72,000 रुपये. चाळीस माणसांत वाटले तर माणशी 1125 आणि 1800. हे नुसते डिझेल झाले. बसचे रोजचे भाडे, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. शिवाय सोळाशे किलोमीटर बसून गेलेला साठीचा माणूस दुसऱ्या दिवशी शिवारात उभा राहील की खोलीत आडवा होईल, हे ज्याचे त्याने ठरवावे. सबब, लखनौला जायचे तर रेल्वेनेच. कोइमतूरला दोन्ही चालेल.

रेल्वेबाबत दोन गोष्टी टिपून ठेवा. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत 2020 च्या मार्चपासून बंद झाली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे तिकीट कमी पडेल असे धरून चालू नका. आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण चार महिन्यांऐवजी साठ दिवस आधी मिळते. नावे साठ दिवसांच्या आत पक्की झाली नाहीत, तर चाळीस जणांना एका डब्यात जागा मिळणे कठीण.

असा हा भाड्याचा हिशेब. आमच्याजवळ तो 2019 च्या जानेवारीतही होता. तेव्हाचे दर कमी होते, पण ताळा असाच होता. अडतीस सभासद घेऊन आम्ही लखनौला निघालो आणि जे हिशेबात धरले नव्हते, ते समोर येऊन उभे राहिले.

जानेवारीतला दौरा

महिना आम्हीच निवडला होता. तिकिटे मिळत होती, आणि "थंडीत फिरायला बरं" असे सर्वांचे मत पडले. कानपूरच्या अलीकडे धुके लागले आणि गाडी जागच्या जागी उभी राहू लागली. सकाळी पोचायचे ते संध्याकाळी पोचलो. अकरा तास उशीर. पहिला दिवस तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलो, तर दहा वाजेपर्यंत वीस पावलांपलीकडचा ऊस दिसेना. धुके विरल्यावर पाहिले, तर डिसेंबरात तोडलेल्या उसाचा खोडवा तसाच गप्प. कोंब नाहीत. आपली मंडळी म्हणाली, "ह्यांच्यापेक्षा आपला खोडवा बरा." त्यांची चूक नव्हती. त्या थंडीत डोळे फुटतच नाहीत, आणि हिवाळ्यात तोडलेल्या उसाचा खोडवा कसा फुटवावा यावरच तिथले शास्त्रज्ञ डोके चालवीत असतात. पण फुटवा पाहायला आम्ही नेमक्या न फुटण्याच्या महिन्यात गेलो होतो.

आमच्याबरोबर एक वयस्कर सभासद होते. सारा गट त्यांना आबा म्हणतो. अंगात सदरा, धोतर आणि एक घोंगडी. "मी म्हसवडच्या माळावर थंडी काढलीय, साहेब, मला काय होतंय?" असे निघताना म्हणाले होते. दुसऱ्या रात्री त्यांना धाप लागली. दवाखान्यात दोन दिवस ठेवावे लागले. बाकीची मंडळी ठरल्या गाडीने परतली, आणि आमच्यातले एक जण त्यांच्या उशाशी थांबले.

आबा बरे होऊन घरी आले, आजही शेतावर जातात. पण त्यांना घरी सोडायला गेलो तेव्हा आजींनी दारातच विचारले, "साहेब, तिथं येवढी थंडी असती हे तुमास्नी ठावं नव्हतं का?"

ठाऊक होते. पुस्तकात होते, अभ्यासात होते. आम्ही ते खर्चाच्या कागदावर मांडले नव्हते, एवढेच. म्हणून हा लेख.

हवामान असे का?

आता दोन्ही गावांचे हवामान शेजारी शेजारी ठेवू.

कोइमतूर : विषुववृत्तापासून 11 अंश उत्तरेस, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या वर. जानेवारीतही रात्रीचे तापमान सरासरीने 18-19 अंशांच्या खाली फारसे जात नाही. एप्रिलात दिवसा 35-36 अंश. पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परतीच्या मोसमात.

लखनौ : 27 अंशांच्या जवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे 120 मीटर, चहूकडे सपाट मैदान. जानेवारीत रात्री 7-8 अंश, काही रात्री त्याहून खाली. मे महिन्यात दिवसा 40 अंश आणि वर, सोबत लू. पाऊस नऊशे-हजार मिलिमीटर, बहुतेक सगळा जून अखेर ते सप्टेंबर.

कोइमतूरच्या पश्चिमेला सह्याद्रीची भिंत आहे, पण तिला पालघाटपाशी सुमारे तीस किलोमीटर रुंदीची खिंड आहे. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अण्णामलै, आणि मधून समुद्राकडचे वारे आत येतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर तिथे वारा भरपूर आणि ऊन सौम्य, तर मुख्य पाऊस डोंगरापलीकडे केरळात पडून गेलेला. लखनौला असा समुद्राचा आधार नाही. मैदान हिवाळ्यात झपाट्याने थंड होते आणि उन्हाळ्यात तव्यासारखे तापते.

दिवसाची लांबीही बघा. कोइमतुरास वर्षातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस यांत सुमारे सव्वा तासाचा फरक, लखनौला सव्वातीन तासांचा. आपण 17 अंशांजवळ, आपल्याकडे सुमारे दोन तासांचा. म्हणजे आपण दोघांच्या मधे, पण कोइमतूरच्या बाजूला झुकलेले.

उसाला याचा काय फरक पडतो? तापमान 20 अंशांच्या खाली गेले की उसाची वाढ मंदावते. कोइमतुरास ऊस बारा महिने वाढतो. लखनौकडे हिवाळ्यात तो थांबतो, उन्हाळ्यात कसाबसा तग धरतो, आणि खरी वाढ पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत उरकतो. म्हणून तिकडचा ऊस बारीक आणि एकरी वजन आपल्यापेक्षा कमी. तिथला शेतकरी आळशी आहे असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या आडसालीला पंधरा ते अठरा महिने मिळतात, तेवढे त्याच्या उसाला मिळत नाहीत.

तुऱ्याचेही असेच. आपल्या उसाला तुरा आला की आपला जीव खाली-वर होतो, कारण वाढ थांबते. कोइमतूरच्या संस्थेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळे तुऱ्याची वाट पाहत असतात. उसाला तुरा येण्यास दिवस हळूहळू लहान होत जावा लागतो आणि रात्री उबदार असाव्या लागतात. तिथे दोन्ही जमते, आणि तुऱ्यात बी धरते. लखनौच्या थंडीत ते जमत नाही. म्हणून देशभरच्या ऊस केंद्रांसाठी संकराचा मळा कोइमतुरातच ठेवला आहे. संस्थेला 1912 साली तिथे जागा मिळाली तीही या हवामानामुळेच.

पण थंडीचा फायदाही असतो, हे विसरू नका. रात्री गार आणि दिवसा स्वच्छ ऊन असले की उसात साखर चांगली भरते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत उतारा चढतो तो यामुळे. कोइमतुरास रात्री तेवढ्या गार होत नाहीत. तमिळनाडूचा उतारा आपल्या भागापेक्षा कमी राहतो, त्याचे हे एक कारण. तेव्हा कोइमतूरचे सगळेच आपल्यापेक्षा सरस, असेही समजू नये.

हवामानाचे पैसे

आता हे हवामान रुपयांत मांडू.

धुक्याने एक दिवस खाल्ला तर माणशी 900 रुपये गेले. चाळीस माणसांचे 36,000. हे एका बाजूच्या तिकिटापेक्षा जास्त आहे, आणि शंभर रुपये वाचले म्हणून आपण कुठे जायचे ते ठरवत होतो!

मे महिन्यात लखनौला गेलात तर नुसत्या पंख्यावर झोप लागणार नाही. थंड हवेच्या खोलीला माणशी रात्री 250 रुपये जादा धरले, तरी तीन रात्रींचे 750. चाळीस माणसांचे 30,000. शिवाय सकाळी दहानंतर शेतात उभे राहता येत नाही, म्हणजे दिवस अर्धाच उरतो. पैसे पूर्ण, पाहणे निम्मे.

हिवाळ्यात गेलात तर स्वेटर, कानटोपी, जादा पांघरूण, गरम पाणी. ज्याच्या घरी आहे त्याचे ठीक, नाही त्याला विकत घ्यावे लागते. आणि आजारपण आले तर त्याचा हिशेब कागदावर मांडताच येत नाही.

मग जायचे केव्हा?

इथे आपली एक अडचण आहे. आपण मोकळे असतो एप्रिल-मे मध्ये, आणि लखनौ सर्वांत वाईट असते तेव्हाच. म्हणून महिन्यांची सांगड घालावी लागते.

लखनौसाठी दोनच चांगल्या वेळा आहेत. एक, फेब्रुवारी अखेर ते मार्चचा मध्य. धुके गेलेले, ऊन कोवळे, आणि तिकडची वसंत ऋतूतली लावण चालू. अवजारे प्रत्यक्ष चालताना दिसतात. आपल्याकडे तेव्हा गाळप चालू असते हे खरे, पण ज्यांचा आडसाली ऊस आधीच तुटून गेला आणि सुरूची लावण उरकली, त्यांना सहा दिवस काढता येतील. होळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र उत्तरेच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. दुसरी वेळ ऑक्टोबरची. तिकडे शरदातली लावण, आणि उसात बटाटा, मोहरी, मसूर अशी आंतरपिके. पण तेव्हा आपली पूर्वहंगामी लावण, हंगामाची तयारी आणि दिवाळी-छठची गर्दी. बहुतेकांना जमणार नाही.

कोइमतूरसाठी सप्टेंबर उत्तम. आपली आडसाली लावण झालेली, खरिपाची भांगलण उरकलेली, गणपती उठलेले, टोळ्या यायच्या आहेत. तिथे हवा बरी, पावसाच्या हलक्या सरी, खोलीला पंखा पुरतो. पितृपंधरवड्यात लग्नकार्ये नसतात, पण घरचा म्हाळ असतो. ज्याने त्याने आपली तिथी पाहून नाव द्यावे. नोव्हेंबर मध्यापासून जानेवारी मध्यापर्यंत दक्षिणेच्या गाड्यांना शबरीमलैच्या यात्रेकरूंची गर्दी असते, तो काळ टाळावा.

एक तोटा सांगितला पाहिजे. सप्टेंबरात तुरा दिसणार नाही. संकर कसा करतात ते डोळ्यांनी पाहायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच, पावसाची तयारी ठेवून जावे लागते. ते चाळीस जणांचे काम नव्हे. शेतकी खात्यातले दोघे आणि तीन-चार तरुण सभासद गेले तरी पुरे. त्यांनी येऊन बाकीच्यांना सांगावे.

पाहिलेले घरी आणता येते का?

दौऱ्याची खरी किंमत इथे ठरते. 4500 रुपये देऊन जे पाहिले, ते आपल्या रानात चालणार नसेल तर ती सहलच झाली.

लखनौची अवजारे पोयट्याच्या गाळाच्या जमिनीत लोण्यासारखी चालतात. आपली काळी चिकण जमीन वाफशावर नसेल तर तेच यंत्र अडते. म्हणून अवजार पाहताना पहिला प्रश्न जमिनीचा विचारा, दुसरा किमतीचा. तिथली लावणीची तारीख, सरीचे अंतर आणि पाण्याच्या पाळ्या जशाच्या तशा उचलू नका. कमी फुटव्याचा, थोड्या दिवसांचा ऊस डोळ्यांपुढे ठेवून ती अंतरे ठरली आहेत. बेणेप्रक्रियेची आणि खोडवा राखण्याची रीत मात्र अवश्य शिकून या. रोगमुक्त बेणे सगळीकडेच लागते.

कोइमतूरकडून जाती, परोपजीवी कीटक, हुमणीवरचे मित्रसूत्रकृमी अशा गोष्टी शिकता येतात. हुमणीने आपल्या भागात काय केले आहे ते वेगळे सांगायला नको.

आणि बेणे? बेणे कुठूनही पिशवीतून आणायचे नाही. त्याच 2019 च्या दौऱ्यात एका तरुण सभासदाच्या पिशवीत तीन टिपऱ्या निघाल्या. जात को. 0238. तिचे तेव्हा उत्तरेत मोठे नाव होते. कर्नालच्या केंद्रात तयार झालेली, 2009 साली प्रसारित झालेली, वजन आणि उतारा दोन्ही देणारी. आम्ही त्या टिपऱ्या जाळल्या. पोरगा नाराज झाला. "साहेब, तीन टिपऱ्यांनी काय होतंय?" म्हणाला, आणि चार महिने आमच्याशी बोलला नाही.

त्याच सुमारास उत्तर प्रदेशात त्या जातीवर लाल कूज वाढत चालली होती. तिकडचे शेतकरी तिला उसाचा कॅन्सर म्हणतात. निम्म्याहून अधिक क्षेत्र एकाच जातीखाली गेलेले, त्यामुळे रोगाला रान मोकळे मिळाले. ती कूज बेण्यातून पसरते. वरून निरोगी दिसणाऱ्या टिपरीतही असू शकते. पुढे त्या सभासदाने स्वतःच येऊन सांगितले, "बरं झालं जाळल्या." शिवाय ती जात उत्तरेच्या हवेसाठी निवडलेली, आपल्या हवेसाठी नव्हे.

आपल्याकडे जात येण्याचा रस्ता ठरलेला आहे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 पासून आपल्या हवामानात जाती तपासून देत आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 पासून हेच काम करते. तिथून पायाभूत बेणे, मग कारखान्याचा बेणेमळा, मग तुमचे शेत. रस्ता लांबचा वाटतो, पण सुरक्षित आहे.

देवदर्शनाबद्दल

लखनौहून अयोध्या सुमारे 135 किलोमीटर, काशी सुमारे 300. कोइमतूरहून उटी नव्वदच्या आत. इतक्या लांब गेल्यावर तिथे जावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि आमचीही त्याला ना नाही. पण संस्थेच्या दौऱ्याचे दिवस आधी पुरे करावेत, आणि पुढचे दिवस ज्याने त्याने पदरच्या पैशाने काढावेत. रोजचे 900 रुपये आणि पुढचे बसभाडे याचा अंदाज घरातून निघण्यापूर्वीच घ्यावा. परगावी पैसे संपल्यावर उसने मागण्याची वेळ कोणावर येऊ नये.

भाषेचे म्हणाल तर लखनौला हिंदीवर भागते. कोइमतूरला तमिळ, पण संस्थेतले लोक हिंदी-इंग्रजीत समजावतात, आणि आपले शेतकी अधिकारी सोबत असतात. भाकरीवाचून तिसऱ्या दिवशी जीव कासावीस होतो, ही तक्रार दोन्हीकडची आहे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यावी, एवढाच उपाय.

आमची शिफारस

आमचे मत आम्ही संचालक मंडळापुढे असे मांडणार आहोत :

1. प्रत्येक दौऱ्याआधी पाडेगाव आणि मांजरी एकेका दिवसात पाहून घ्यावे. घरचे न पाहता परमुलूख पाहण्यात अर्थ नाही.
2. यंदाचा मोठा दौरा कोइमतूरला, सप्टेंबरात. हवामान आपल्याला जवळचे, प्रवास सोसणारा, आणि पाहिलेले आपल्या रानात अधिक लागू पडणारे.
3. लखनौचा दौरा लहान, पंधरा-वीस जणांचा, अवजारात रस असलेल्या सभासदांचा, आणि फेब्रुवारी अखेरीसच. डिसेंबर, जानेवारी, मे आणि जून हे चार महिने लखनौसाठी कायमचे वर्ज्य समजावेत.
4. साठीच्या पुढील सभासदांनी डॉक्टरांना दाखवून मगच नाव द्यावे. नेहमीच्या गोळ्या आठ दिवसांच्या जवळ ठेवाव्यात.
5. परतल्यावर प्रत्येकाने आपल्या गटात एक गोष्ट सांगावी : काय पाहिले, आणि त्यातले आपल्याकडे काय चालेल, काय चालणार नाही.

हे आमचे मत आहे, हुकूम नव्हे. ज्यांना लखनौच्या मोठ्या दौऱ्याचा आग्रह आहे त्यांनी जरूर बोलावे. फक्त बोलताना भाड्याचा एकच आकडा सांगू नये, महिनाही सांगावा. तेराशे आणि चौदाशेतला फरक चहापाण्यात जातो. चुकीच्या महिन्याची किंमत कोणाच्या तरी उशाशी बसून मोजावी लागते, हे आम्ही पाहिले आहे.

आबांनी यंदा कोइमतूरसाठी पहिले नाव दिले आहे. आजींनी निरोप पाठवला, "जाऊ द्या त्यांना, पण हवा विचारून न्या." आम्ही विचारूनच हे लिहिले आहे.

आपली नावे गट कार्यालयात जुलैच्या पंधरा तारखेपर्यंत द्यावीत, म्हणजे आरक्षण वेळेत करता येईल. कळावे.

आपले,
ऊस विकास अधिकारी